जेम्स पॅरिस ली

जेम्स पॅरिस ली (९ ऑगस्ट, १८३१ - २४ फेब्रुवारी, १९०४) हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले, कॅनडात वाढलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले शस्त्ररचनाकार होते. बोल्टच्या खाली बसणारे, काढता येणारे पेटीच्या आकाराचे मॅगझीन आणि झपाट्याने चालणारा बोल्ट या त्यांच्या दोन रचनांवर ली-मेटफर्ड व ली-एनफील्ड या ब्रिटिश रायफली उभ्या राहिल्या. भारतात ही बंदूक ‘थ्री-नॉट-थ्री’ या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रासह देशातील बहुतेक राज्यांच्या पोलीस दलांत ती एकविसाव्या शतकापर्यंत वापरात होती.

बालपण आणि घड्याळजीचे शिक्षण

ली यांचा जन्म स्कॉटलंडमधील हॉइक या गावी झाला. ते पाच वर्षांचे असताना कुटुंबाने कॅनडात स्थलांतर केले व आजच्या ओंटारियो प्रांतातील गॉल्ट या वसाहतीत घर केले. हे गाव आता केंब्रिज शहराचा भाग आहे. वडील जॉर्ज ली घड्याळे दुरुस्त करणारे व जवाहिरी होते. जेम्स यांनी त्यांच्याच हाताखाली तो धंदा शिकण्यास सुरुवात केली.

बाराव्या वर्षी त्यांनी पहिली बंदूक तयार केली. तिची नळी घोडेस्वाराच्या एका जुन्या पिस्तुलाची होती, दस्ता अक्रोडाच्या लाकडातून स्वतः कोरलेला होता आणि दारूचा कान अर्ध्या पेनीच्या नाण्यापासून बनवला होता. ही बंदूक नीट चालली नाही. मात्र तयार नळी आणि स्वतः कोरलेले लाकूड एकमेकांत बसवण्याचा प्रश्न ली यांच्यापुढे प्रथम आला तो याच वेळी. पुढे त्यांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या रायफलीची अचूकता शेवटी याच प्रश्नावर अवलंबून राहिली.

घड्याळजी म्हणून स्वतंत्र व्यवसाय सुरू केल्यावर त्यांनी कॅरोलीन क्रिस्लर यांच्याशी विवाह केला. १८५०च्या दशकाच्या अखेरीस हे कुटुंब अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात गेले व पुढे स्टीव्हन्स पॉइंट येथे राहू लागले.

पहिला कारखाना आणि अपयश

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात बहुतेक सैनिकांच्या हाती तोंडाकडून ठासायच्या बंदुका होत्या. अशा बंदुकीत मागच्या बाजूने काडतूस भरता यावे यासाठी ली यांनी एक रचना तयार केली व १८६२ साली तिचे पेटंट मिळवले. स्टीव्हन्स पॉइंटमधील रहिवाशांनी भांडवल उभे केले आणि मिलवॉकी येथे कारखाना निघाला. १८६५ साली अमेरिकन सरकारने या कारखान्याकडे एक हजार कार्बाइनची मागणी नोंदवली.

या मागणीचा शेवट वादात झाला. करारात लिहिलेले नळीचे माप आणि कारखान्यात तयार झालेल्या नळीचे माप जुळत नसल्याचे कारण देऊन सरकारने माल नाकारला. तोपर्यंत युद्धही संपले होते आणि कार्बाइनची निकड उरली नव्हती. कंपनी बुडाली व गावकऱ्यांचे भांडवल अडकून पडले. चौतिशी ओलांडलेल्या ली यांना नव्याने सुरुवात करावी लागली.

१८७०च्या दशकात ली यांनी एकेरी गोळीची, खाली-वर सरकणाऱ्या ठोकळ्याची एक रायफल तयार केली. १८७३च्या सुमारास अमेरिकन लष्कराने घेतलेल्या चाचण्यांत तिला मान्यता मिळाली नाही व स्प्रिंगफील्ड रायफलीची निवड झाली. पुढे काँग्रेसने मंजूर केलेल्या निधीतून स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात ली यांच्या रायफलीचे केवळ दीडशेच्या आसपास नग तयार झाले. हा प्रयत्नही तेथेच थांबला.

पेटी-मॅगझीनचा शोध

त्या काळातील एकाहून अधिक गोळ्यांच्या बंदुकांमध्ये काडतुसे बहुधा नळीखालच्या किंवा कुंद्यातील नळकांड्यात एकामागे एक ठेवलेली असत. एका काडतुसाचे टोक दुसऱ्याच्या मागच्या टोपीला टेकत असल्याने अपघाताचा धोका होता. शिवाय गोळ्या संपत जातील तसा बंदुकीचा तोलही बदलत असे. ली यांनी काडतुसे एकावर एक रचली आणि खाली स्प्रिंग असलेल्या एका लहान पत्र्याच्या पेटीत ठेवली. ही पेटी बोल्टच्या बरोबर खाली बसते. बोल्ट मागे ओढला की स्प्रिंग पुढचे काडतूस वर ढकलते आणि बोल्ट पुढे सारला की ते नळीत जाते. ४ नोव्हेंबर, १८७९ रोजी त्यांना या रचनेचे अमेरिकन पेटंट मिळाले. ओंटारियोतील वॉलेसबर्ग या गावाशी ली यांचा या काळात निकटचा संबंध होता आणि तेथे त्यांच्या स्मरणार्थ फलक उभारलेला आहे.

रायफल तयार करण्याचे काम प्रथम शार्प्स कंपनीकडे होते. ती कंपनी लवकरच बंद पडल्याने काम रेमिंग्टन कंपनीकडे गेले. रेमिंग्टन-ली नावाच्या या रायफली अमेरिकन नौदलाने मर्यादित संख्येने घेतल्या. लष्कराने मात्र त्या स्वीकारल्या नाहीत.

ब्रिटनमधील स्वीकार

ज्या देशात ली राहत होते तेथील लष्कराने नाकारलेली रचना ब्रिटनने उचलली. अनेक वर्षांच्या चाचण्यांनंतर डिसेंबर १८८८ मध्ये ब्रिटिश सैन्याने .३०३ इंच व्यासाची मॅगझीन रायफल अधिकृतपणे स्वीकारली. तिचा बोल्ट व मॅगझीन ली यांचे होते, तर नळीतील सात उथळ, गोलसर कडांच्या खोबणी विल्यम एलिस मेटफर्ड यांच्या होत्या. मेटफर्ड हे इंग्रज अभियंते १८५७ साली ईस्ट इंडियन रेल्वेच्या कामासाठी बिहारमधील मुंगेर येथे आले होते. प्रकृती ढासळल्यामुळे ते पुढच्याच वर्षी परतले.

१८९१ साली काळ्या दारूच्या जागी कॉर्डाइट ही धूररहित दारू आली. कॉर्डाइटच्या उष्णतेने मेटफर्ड यांच्या उथळ खोबणी लवकर झिजू लागल्या. म्हणून एनफील्ड येथील सरकारी कारखान्याने पाच खोल खोबणींची नळी तयार केली आणि १८९५ साली ली-एनफील्ड हे नाव रूढ झाले. नळी बदलली, नावातील मेटफर्ड गेले, परंतु ली यांची यंत्रणा कायम राहिली.

त्याच वर्षी अमेरिकन नौदलाने ली यांची सहा मिलिमीटर व्यासाची, बोल्ट सरळ मागे ओढण्याची रायफल स्वीकारली. ती विंचेस्टर कंपनीने तयार केली. १८९८च्या स्पेन-अमेरिका युद्धात ती वापरली गेली, परंतु थोड्याच वर्षांत मागे पडली.

यंत्रणेची वैशिष्ट्ये

ली यांच्या बोल्टला अडकवणारे खिटे पुढच्या टोकाला नसून मागच्या भागात आहेत. त्यामुळे बोल्टला कमी अंतर सरकावे लागते आणि त्याची मूठ थोडीशीच उचलावी लागते. मॅगझीनमध्ये दहा काडतुसे मावतात. प्रशिक्षित ब्रिटिश पायदळ सैनिकाने मिनिटाला पंधरा नेमके बार काढावेत अशी पहिल्या महायुद्धापूर्वीची अपेक्षा होती. ऑगस्ट १९१४ मध्ये मॉन्स येथील लढाईत या वेगाचा प्रत्यय आला.

या रचनेची उणीवही तिच्या याच गुणातून येते. खिटे मागे असल्याने बार उडताना बोल्ट व रिसीव्हर यांची सर्व लांबी ताणली जाते आणि त्या कंपनाचा परिणाम नळीवर होतो. दस्ता एकसंध नसून दोन तुकड्यांचा आहे. मागचा कुंदा एका लांब बोल्टने लोखंडी खोबणीत घट्ट केलेला असतो, तर पुढचा लाकडी भाग रिसीव्हर व नळी यांना खालून धरून ठेवतो. त्यामुळे लोखंड लाकडात कसे बसले आहे यावर ली-एनफील्डची अचूकता मोठ्या प्रमाणात ठरते.

अचूकतेचा प्रश्न

बोअर युद्धात हा प्रश्न ऐरणीवर आला. स्वयंसेवक घोडेस्वारांना दिलेल्या काही रायफली ५०० यार्डांवर सुमारे १८ इंच उजवीकडे मारत असल्याचे आढळले. दोष नेम धरण्याच्या माशीच्या व खाचेच्या जुळणीत होता आणि तो दुरुस्त करण्यात आला. बोअर सैनिकांच्या माउझर रायफलींमध्ये पट्टीवरून एका दमात काडतुसे भरता येत असल्याचेही ब्रिटिशांना जाणवले. या अनुभवातून आखूड नळीची, पट्टीने भरता येणारी नवी ली-एनफील्ड पुढे आली. तिचा सर्वाधिक प्रसिद्ध नमुना, मार्क तीन, १९०७ साली स्वीकारला गेला.

माशी सरळ केली तरी लाकडाचा प्रश्न उरतोच. आखूड ली-एनफील्डमध्ये बार उडताना मागे येणारा धक्का पुढच्या लाकडाच्या मागील टोकाजवळील दोन लहान खांद्यांवर बसतो. रिसीव्हर या दोन्ही खांद्यांना सारखा टेकलेला असावा लागतो. एक खांदा दबला वा झिजला की प्रत्येक बारागणिक यंत्रणा लाकडात किंचित वेगळ्या जागी सरकते आणि नेम कितीही चांगला असला तरी गोळ्या पसरतात.

म्हणून ही रायफल उघडून पुन्हा बसवण्याचा क्रम शस्त्रागारातील कारागिरांना काटेकोरपणे शिकवला जाई. काडतूस नाही याची खात्री केल्यावर प्रथम पुढचे लाकूड काढायचे, कुंदा नंतर. कारण कुंद्याच्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडाच्या मागील टोकात बसवलेल्या धातूच्या पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड जागेवर असताना तो बोल्ट फिरवला तर लाकूड मागून चिरते. लाकूड उतरवतानाही ते सरळ खाली घ्यावे लागते. तोंडाकडून हिसका दिल्यास मागचे खांदे चुरडतात आणि दोष बाहेरून दिसत नाही.

पुन्हा बसवताना धातूच्या टेकणाऱ्या भागांवर काजळीचा अथवा रंगाचा पातळ थर देतात. जोडून पुन्हा उघडल्यावर लाकडावर उठलेल्या डागांवरून कोठे स्पर्श होतो व कोठे नाही हे कळते. जेथे नको तेथे लाकूड उचललेले असेल तर ते थोडे थोडे खरवडतात. दबलेल्या खांद्याच्या जागी खराब लाकूड कापून कठीण लाकडाचा तुकडा चिकटवून बसवतात. चापाच्या कडीतून जाणाऱ्या पुढच्या मुख्य स्क्रूभोवती एक धातूची नळी असते. लाकूड वाळून आकसले की स्क्रू या नळीवरच आवळला जातो आणि तो घट्ट वाटला तरी आतले लाकूड सैल राहते. हा दोष वरवर पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

पुढच्या टोकाजवळ एक लहान स्प्रिंग नळीला खालून वर रेटते आणि मध्यावर एक आतली कडी स्प्रिंगसह तिला धरते. गरम झालेली नळी लांबीत वाढते, म्हणून इतरत्र तिला लाकडाचा अडथळा होऊ द्यायचा नसतो. अखेरीस लाकडाला जवसाचे तेल मुरवतात. पावसाळ्यात लाकूड फुगते व उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे सह्याद्रीसारख्या प्रदेशात हे तेल केवळ शोभेचे राहत नाही.

मऊ लाकूड वापरावे लागले तेथे अन्य उपाय झाले. ऑस्ट्रेलियातील लिथगो कारखान्याने धक्का सोसणाऱ्या खांद्यांवर तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. बंगालमधील इशापूर कारखान्याने लाकूड चिरू नये म्हणून पुढच्या भागात आडवा स्क्रू घातला. ‘इशापूर स्क्रू’ या नावाने तो आजही संग्राहकांत ओळखला जातो. इंग्लंडमधील बिस्ली येथील नेमबाजी स्पर्धांमुळे ली-एनफील्डचे लाकूड बसवणे ही स्वतंत्र कारागिरी झाली. लांब पल्ल्यावर हीच रायफल आश्चर्यकारकरीत्या चांगली मारते असेही तेथे आढळले. कमी वेगाची गोळी नळी थोडी अधिक वर झुकलेली असताना बाहेर पडते आणि वेगातील फरकाची काही अंशी भरपाई होते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

मृत्यू

२४ फेब्रुवारी, १९०४ रोजी अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील शॉर्ट बीच येथे ली यांचे निधन झाले. त्यांचे वय ७२ वर्षे होते. मार्क तीन नमुना, दोन्ही महायुद्धे आणि आपल्या नावाच्या रायफलींचे लक्षावधींचे उत्पादन यांपैकी काहीही त्यांना पाहता आले नाही. तसेच आखूड ली-एनफील्डच्या दस्त्याची रचनाही त्यांची नव्हती. ती ब्रिटिश सरकारी कारखान्यांतील अभियंत्यांनी केली. ली यांचे योगदान बोल्ट व मॅगझीन यांपुरते मानले जाते.

भारत आणि महाराष्ट्र

१८५७च्या उठावानंतर ब्रिटिशांनी हिंदी शिपायांना दीर्घकाळ गोऱ्या सैनिकांपेक्षा एक पिढी जुनी शस्त्रे देण्याचे धोरण ठेवले. त्यामुळे ली यांची रायफल हिंदी पलटणींच्या हाती उशिरा आली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या मोहिमेत १०३ व ११० मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ मराठा या पलटणी सामील होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल, १९१६ च्या शरणागतीपर्यंत कुत येथे वेढ्यात अडकलेल्या सैन्यात मराठी मुलखातील अनेक शिपाई होते. उपासमार व रोगराई यांनी ते सैन्य खचले आणि नंतरच्या बंदिवासात अनेकांचा अंत झाला. त्यांच्या खांद्यावरील .३०३ रायफलींचे नाव मराठी गावांमध्ये ज्या मार्गांनी पोहोचले त्यांपैकी ही युद्धे एक होत.

या रायफलीची काडतुसे पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखान्यातही तयार होत. १८६९ साली स्थापन झालेल्या या कारखान्याची आद्याक्षरे असलेली .३०३ काडतुसे संग्राहकांच्या परिचयाची आहेत. रायफली मात्र इशापूर येथे बनत. १९६२च्या चीन युद्धात भारतीय जवानांच्या हाती मुख्यतः हीच बोल्टची रायफल होती. त्यानंतर सैन्यात ७.६२ मिलिमीटरची स्वयंभरण रायफल आली. त्याच दशकात इशापूर कारखान्याने ली यांच्या यंत्रणेवर आधारित, ७.६२ मिलिमीटरचे काडतूस वापरणारी एक रायफलही तयार केली. ली यांची मूळ कल्पना अशा रीतीने जवळजवळ नव्वद वर्षांनंतरही उत्पादनात राहिली.

सैन्यातून निघालेल्या .३०३ रायफली राज्यांच्या पोलीस दलांकडे राहिल्या. राष्ट्रीय छात्रसेनेच्या कवायतींत आणि मानवंदनेच्या प्रसंगीही त्या दिसत. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर तैनात काही पोलिसांजवळ .३०३ रायफली होत्या, तर हल्लेखोरांकडे स्वयंचलित बंदुका होत्या. या विषमतेमुळे पोलिसांच्या शस्त्रांचा प्रश्न राज्यात गांभीर्याने चर्चिला गेला आणि दलाचे आधुनिकीकरण हाती घेण्यात आले.

वारसा

ली यांचे पेटी-मॅगझीन त्यांच्या बोल्टपेक्षाही अधिक टिकले. आजच्या बहुतेक लष्करी रायफलींमध्ये बोल्टखाली बसणारी, स्प्रिंगने काडतूस वर ढकलणारी आणि काढता येणारी पेटी असते. या कल्पनेवर काम करणारे ली हे एकटे नव्हते, परंतु ती मोठ्या प्रमाणावर युद्धोपयोगी झाली ती प्रामुख्याने त्यांच्या रचनेतून.

आयुष्याच्या पहिल्या पन्नास वर्षांत ली यांच्या वाट्याला मुख्यतः नकार आले. कराराच्या मापातील तफावतीने त्यांचा पहिला कारखाना बुडाला. घड्याळजीचे शिक्षण घेतलेल्या या माणसाची यंत्रणा जगभर पोहोचली, परंतु ती अचूक मारते की नाही हे नेहमी तिच्याभोवतीचे लाकूड बसवणाऱ्या अनामिक कारागिरांच्या हातावर अवलंबून राहिले.